पंपाचं हेल्मेट

ठिपका काही जात नव्हता. नखाने खरवडून झालं, पेट्रोलमध्ये बुडवलेल्या चिंधीने घासून झालं, त्यात हेल्मेटची काळी चकाकी तेवढी गेली. पण मागच्या बाजूचा तो पांढरा ठिपका आणि त्याखाली ओघळलेली बोटभर रेघ जशीच्या तशी. नेलपॉलिश खुशीची. पोरीने दिवाळीला हौसेने आणलेली, आणि रचनाने तिच्या नकळत उचलून इथे आणलेली – हेल्मेट पंपाचं आहे हे लांबून ओळखू यावं, कुणी ढापू नये म्हणून. खिळ्याला टांगलेल्या हेल्मेटवरच तिने ब्रश टेकवला होता, थेंब जास्त झाला, ओघळला, आणि ती स्वतःशीच हसली होती. आता सकाळचे सात वाजलेत, लालबर्रा रस्त्यावर धुकं आहे, पंपावर अजून गिऱ्हाईक नाही, आणि ती घासते आहे. पुसायचं औषध पर्समध्ये आहे, तेही खुशीचंच, निळ्या बाटलीतलं. कापसावर दोन थेंब घेतले की काम झालं. तीन दिवस ती बाटली घेऊन येते आणि तशीच घरी नेते. मग पेट्रोलने जात नाही हे माहीत असताना पेट्रोलनेच का घासायचं?... रचनाबाई, कुणाला शेंडी लावते आहेस? तिने चिंधी फेकली आणि हेल्मेट खिळ्याला अडकवलं, ठिपका भिंतीकडे करून.

खिळ्याच्या वर फ्लेक्स. 'नो हेल्मेट, नो पेट्रोल.' त्यावर हेल्मेट घातलेलं एक गोरं कुटुंब, आई-बाप-पोर, असं हसणारं की जणू पेट्रोल फुकट मिळालंय. कलेक्टर साहेबांचा आदेश निघाला त्याला चार महिने झाले. पंपाच्या कॅमेऱ्यातलं चित्रण तपासणार, उघड्या डोक्याला तेल दिलेलं दिसलं तर पंपाला सील. पहिले दोन दिवस सेठने नियम पाळला आणि गिऱ्हाइकांनी दोन दिवस सेठच्या आईबहिणीचा उद्धार केला. तिसऱ्या दिवशी सेठ बाजारातून एक हेल्मेट घेऊन आला, भिंतीत स्वतःच्या हाताने खिळा ठोकला, आणि म्हणाला, "रचना, जिसके पास नहीं है उसको पहना दो, तेल डालो, उतरवा लो. कैमरे में हेल्मेट दिखना चाहिए, बस."

बस. एवढाच कायदा. कॅमेऱ्याला डोकं दिसतं, डोक्यावर हेल्मेट दिसतं. ते कुणाचं, किती वेळाचं, हे कॅमेरा विचारत नाही. दिवसाला शंभर-दीडशे डोकी त्या एका हेल्मेटात शिरतात. भरवेलीच्या खाणीतले धुळीने माखलेले केस, कोचिंगच्या पोरांचे जेल लावलेले, म्हाताऱ्यांचे खोबरेल तेलाचे... आतला स्पंज असा काळा झालाय की हात लावायला किळस येते. आधी हेल्मेट द्यायचं, मग मशीनकडे बोट दाखवायचं, "जीरो देख लो भैया," मग तेल, मग झाकण, आणि शेवटी गाडी सुरू व्हायच्या आत ते ओरडणं – "भैया, हेल्मेट!" चार महिन्यांत जीभ अशी वळलीय की एकदा घरी जेवताना खुशी उठली तर हिच्या तोंडून तेच निघालं. खुशी पोट धरून हसली. आणि रस्ता सुरक्षा सप्ताहात सेठला स्टेजवर बोलावून शाल दिली, प्रशस्तिपत्र दिलं. शंभर टक्के हेल्मेट असलेला पंप! ते केबिनमध्ये काच लावून टांगलंय. एक खिळा बाहेर, एक खिळा आत. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत धूळ फेकायला दोन खिळे पुरतात, हे तिला आधी माहीत नव्हतं.

"सेठ हाय का?"

धुक्यातून तुळसाबाई आली होती. पुढे दोन किलोमीटरवर, नाल्याच्या पुलाजवळ महागूचं पंक्चरचं दुकान आहे, त्याची बायको. पायीच आली असावी, पातळाच्या काठाला दवाचा चिखल लागला होता.  या बाईशी रचनाची तोंडओळख. बाजारात भेटलं की 'कशी आहेस' इतपत. आज ती इथे यायचं एकच कारण असणार.

"अकराले येतीन. काहून, मावशी?"

"त्यायले म्हनाचं होतं, थो व्हिडिओ आमालेही दाखवा एकडाव." तुळसाबाई हवेच्या मशीनच्या ओट्यावर टेकली. "बुढा म्हनते, पोराच्या डोक्यावर हेल्मेट होतं. असन बाप्पा. पन आमच्या मानसानं नाही पाह्यलं. त्यानं पाह्यलं थे उघडं डोकंच पाह्यलं. मांडीवर घेतलं होतं नं त्यानं."

रचनाने बरण्या उगीच इकडच्या तिकडे केल्या. ऑइलच्या बरण्या. चहा घेता का, असं काहीतरी ती बोलली. तुळसाबाईला ऐकूच गेलं नाही.

"आज चार वाजता थान्यातला जवान येऊन राह्यला. घराची झडती घेतो म्हने. अन् बुढाही संगं येऊन राह्यला, हेल्मेट ओळखाले. मांगून पांढरा डाग हाय म्हनते त्याच्यावर." तिने पातळाच्या काठाचा चिखल झटकला. "रचना, मेलेल्या पोराच्या डोक्यावरची चीज कोनी काढून घेईन का वो? आमी काय असे दिसतो?"

"नाही, मावशी."

"दोन दिवस झाले दुकान उघडलं नाही त्यानं. काल म्हने, त्या दिवशी शटर ओढून बसलो असतो तं बरं झालं असतं. म्हने, आता माह्या दारात कोनी तडफडला तरी हात लावीन तं..." पुढचं ती बोलली नाही. महागू बोलला असेल, आणि बायकोला ते तोंडातून काढवत नव्हतं.

हेल्मेट तुळसाबाईच्या डोक्यापासून चार हातांवर लटकत होतं. मान वर करून पाहिलं असतं तर... पाहिलं असतं तरी भिंतीकडे होता तो ठिपका. मी उठून एवढंच करायचं होतं – फिरवायचं. हाताने असं फिरवायचं. नाही फिरवलं. अर्धा तास बसून तुळसाबाई गेली. "चूल पेटवाची हाय," म्हणाली. रचनाने तिला पाण्याची बाटली भरून दिली. एवढं पुण्य तिच्या हातून झालं.

बुढा म्हणजे शालिकराम. कटंगी-तुमसर बसवर तीस वर्षं कंडक्टर होता. या भागात पन्नाशीच्या पुढचा कुणीही माणूस त्याला आवाजावरून ओळखतो. "हात अंदर! खिडकी के बाहर हात नहीं!" – बस सुटली की हे पहिलं, आणि ज्याने हात आत घेतला नाही त्याच्यासाठी तो बस थांबवायचा, भर उन्हात, सगळ्यांना ताटकळत ठेवून. रचना माहेरी तुमसरकडे जायची तेव्हा तिलाही एकदा बोलला होता. राग आला होता तेव्हा. आता वाटतं, या भागातल्या रस्त्यांवर नियम म्हणून जी काय एक चीज होती ती त्या माणसाच्या घशात होती, तो रिटायर झाला आणि ती घरी गेली. त्याचा एकुलता एक प्रीतम, कसल्याशा फायनान्स कंपनीत वसुलीला होता, दिवसभर मोटरसायकलवर. बावीस दिवसांपूर्वी, दिवेलागणीला, पुलाजवळ उभ्या असलेल्या धानाच्या ट्रॉलीला त्याने मागून धडक दिली. ट्रॉलीला ना लाल दिवा, ना साधी चमकणारी पट्टी. पोलीस यायच्या आत ट्रॉली निघून गेली. ती कुणाची, कुठे गेली, हे बावीस दिवसांत कुणी विचारलं नाही. हेल्मेट कुणी नेलं, हे मात्र सगळे विचारताहेत.

कारण हेल्मेट होतं ना! पाचव्या दिवशी शालिकराम पोलिसासोबत सेठच्या केबिनमध्ये आला, चित्रण पाहायला. मुलाचं शेवटचं. रचना दारात उभी होती, चहाचा ट्रे घेऊन. पडद्यावर प्रीतमची गाडी आली, थांबली, आणि त्याच्या डोक्यावर हेल्मेट. पाठमोरा. मागे पांढरा ठिपका, खाली ओघळ.  म्हातारा म्हणाला, "पुन्हा लाव." पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा त्याने पडद्याला बोट लावलं आणि रडायला लागला, मोठ्याने, लहान पोरासारखा. "घातलं होतं हो! घातलं होतं त्यानं! रोज सांगत होतो मी, रोज. थो म्हने, हौ बाबा. मले वाटे, हौ म्हनते अन् घालत नाही. ऐकत होता माहं... ऐकलं माहं!" पोलिसाने मान फिरवली. सेठने पाण्याचा ग्लास पुढे केला. आणि मग म्हाताऱ्याचं रडणं एकदम थांबलं, डोळे कोरडे झाले, आणि त्याने विचारलं – मग दवाखान्यात आणला तेव्हा डोकं उघडं कसं? डॉक्टर म्हणाला, हेल्मेट असतं तर वाचला असता. असतं तर म्हणजे? होतं! मग काढलं कुणी?

तेव्हाच बोलायला हवं होतं. त्या एका श्वासाएवढ्या जागेत.  सेठने तिच्याकडे पाहिलं, आणि ती चहा ठेवून बाहेर आली.

कॅमेरा फक्त मशीनसमोरची गाडी पाहतो, अलीकडे खिळ्यापाशी हेल्मेट चढवतात ते नाही. मशीनच्या पुढे, पंपाचा उतार जिथे रस्त्याला लागतो, तिथलं त्याला दिसत नाही. तिथलं फक्त रचनाने पाहिलंय. त्या आठवड्यात तिची पाळी दुपारची होती. प्रीतम आला, घाईत होता, तिने हेल्मेट दिलं, त्याने घातलं, तेल भरलं, कानाला फोन लागलेला, बोलता बोलता त्याने गाडी सुरू केली आणि निघाला... तसाच, हेल्मेटसकट. विसरला. रस्त्याला लागलाच होता. आणि ती धावली. नळी मशीनला अडकवली आणि चपला फटफटवत धावली, "भैया, हेल्मेट! ओ भैया, हेल्मेट!" कारण आधीचं हेल्मेट आठवड्यातच कुणीतरी असंच घेऊन गेला होता, आणि सेठने तिला चार लोकांत असं फाडून खाल्लं होतं की तोंड दाखवायला जागा नव्हती. हे दुसरं. हे जाऊ देणार नव्हती ती. त्याने आरशात पाहिलं, एक पाय टेकून थांबला, हसला. "अरे, मैं तो भूल ही गया था, दीदी." काढलं, तिच्या हातात दिलं. केस चप्प बसले होते, त्यातून हात फिरवला आणि गेला. चार मिनिटं. पंपापासून पुलापर्यंत मोटरसायकलला चार मिनिटं लागतात.

मी काय केलं? माझं काम केलं. पंपाची वस्तू परत घेतली. पगार त्याचाच मिळतो मला. नवरा नागपूरला बांधकामावर, महिन्यातून एकदा येतो. घर माझ्या या निळ्या शर्टावर चालतं... असं म्हटलं की थोडा वेळ बरं वाटतं. मग ते हसणं आठवतं. आणि चप्प बसलेले केस. विसरला होता तो! देवाने म्हणा, नशिबाने म्हणा, कुणीतरी त्याला विसरवलं होतं, आणि मी धावत जाऊन आठवण करून दिली. एवढी कर्तबगार बाई सगळ्या बालाघाटात सापडायची नाही.

रविवारी विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी तिची जीभ अडखळते. खोटं न बोलण्याचं शील. लहानपणापासून पाठ, झोपेतही म्हणेल. पण गेले तीन रविवार ओठ हलतात आणि आवाज निघत नाही, शेजारच्या राखीने एकदा तिच्याकडे वळून पाहिलंसुद्धा. पण मी खोटं बोलले कुठे? कुणी विचारलंच नाही मला. पोलिसाने सेठला विचारलं, सेठने कॅमेरा दाखवला. तेल भरणाऱ्या बाईला कोण विचारतं? विचारलं असतं तर सांगितलं असतं... असतं ना? हा प्रश्न आला की ती पुढचं शील घाईघाईने म्हणून टाकते.

सेठ अकराला आला. आल्या आल्या त्याची नजर खिळ्याकडे गेली. तिने तुळसाबाईचं सांगितलं; झडतीचं, चार वाजताचं. 

"तो क्या?" सेठ म्हणाला.

"उनके घर में तो नहीं मिलेगा ना, सेठजी. फालतू में वो महागू..."

"नहीं मिलेगा तो छूट जाएगा. तुझसे किसी ने पूछा?"

"नहीं."

"तो क्या?" त्याने हेल्मेट खिळ्यावरच फिरवलं, ठिपका पाहिला. माणूस वाईट नाही. खुशीच्या दहावीला पेढे घेऊन घरी आला होता. पण आता त्याचा आवाज थंड होता. "तीन दिन से बोल रहा हूँ, निशान मिटा दे. पंप सील हुआ ना, दस घर के चूल्हे बुझेंगे, पहला तेरा. शाम तक मिट जाना चाहिए."

दिवस चढला. धुकं विरलं, धानाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या. पोती इतकी भरलेली की मागचा दिवा असला तरी दिसायचा नाही. एकीचा ड्रायव्हर डिझेलला थांबला तेव्हा तिने मागे जाऊन पाहिलं. दिवा नव्हताच, दिव्याच्या जागी कुणीतरी लाल प्लास्टिकचं झाकण बांधलं होतं. "ये क्या है?" तिने विचारलं. ड्रायव्हर हसला. "दीदी, दिन में तो दिखता हूँ ना!" तिनेही काय करायचं होतं? ट्रॉलीसाठी कुठला फ्लेक्स नव्हता. तिने डिझेल भरलं. मग एक मोटरसायकल, हेल्मेट दे, जीरो देख लो, भैया हेल्मेट. मग एक जोडपं, बाईच्या मांडीवर तान्हं. हेल्मेट नवऱ्याला, बाईचं डोकं पदराखाली, पोराचं टोपडं. भैया हेल्मेट. मग तिघं पोरं एका गाडीवर. पुढच्याने घातलं आणि मागच्या दोघांनी मोबाइलवर फोटो काढला. भैया हेल्मेट... प्रत्येक वेळी हात पुढे करून परत घेताना तिला प्रीतमचं हसणं आठवत होतं, आणि प्रत्येक वेळी ती परत घेत होती.

साडेतीनला गर्दी ओसरली. सेठ बँकेत गेला होता. तिने हेल्मेट उतरवलं, खुर्चीत बसून मांडीवर पालथं घेतलं, पर्समधून निळी बाटली काढली. झाकण उघडताच तो वास – गोडसर, डोक्यात जाणारा, खुशीच्या खोलीतला. खुशीची स्कूटी पण अशीच. हेल्मेट कोपरात अडकवून जाते, कोचिंगच्या चौकात पोलीस दिसला की डोक्यावर. "मम्मी, बाल खराब होते हैं." कापूस भिजवला. आता टेकवायचा. ठिपका गेला की हे हेल्मेट कुणाचंच नाही, बाजारातल्या हजारांसारखं एक. मग म्हाताऱ्याच्या मुलाचं हेल्मेट त्या म्हाताऱ्याच्या मनात कायमचं राहील, 'ऐकलं माहं' हे राहील. तेवढं तरी राहू द्यावं बिचाऱ्याला... छान! केवढी दया! आणि महागू? त्याचं काय राहील? तो शटर ओढील. उद्या त्या पुलावर कुणी पडेल – कुणी म्हणजे कोण, खुशीही पडू शकते – आणि महागू शटर ओढील. कापूस तसाच बोटांत. औषध हवेत उडत होतं, बोटं गार पडली होती.

"बाई, तेल टाक."

मोपेड. डोक्याला मफलर, अंगात इस्त्रीचा जुना खाकी कोट, कंडक्टरचाच असावा. शालिकराम. तिने हेल्मेट छातीशी धरलं, ठिपका आपल्याकडे. एकटाच होता, जवान परस्पर पुलावर पोचणार असेल.

"बाबूजी..."

"पन्नासचं टाक. पुलावर जायाचं हाय." मग त्याने वर फ्लेक्सकडे पाहिलं, आणि तिच्या हातांकडे. बराच वेळ पाहिलं, की तिलाच तो वेळ लांबलेला वाटला? "हे काय, सगळ्यायले देता?"

"ज्याच्याजवळ नसते त्याले देतो."

  म्हाताऱ्याच्या जबड्याजवळची शीर हलली. आता विचारील, तिला वाटलं. आता. विचारलं की सांगायचं, सांगायचंच...

"माह्या पोराजवळ होतं," शालिकराम म्हणाला. हळू, पण असं की पुढे बोलायला जागा ठेवली नाही. "त्याचं सोताचं होतं."

"हौ, बाबूजी," ती म्हणाली. ऐकलंस ना, रचना? आज पहिल्यांदा तोंडाने बोललीस. इतके दिवस गप्प होतीस, आज खोटं बोललीस.

"नियम हाय तं नियम. दे." त्याने मफलर सोडला, डोकं पुढे केलं. पांढरे, विरळ केस. तुळसाबाईने सांगितलेली ती मांडी आणि ते उघडं डोकं तिच्या डोळ्यांपुढे आलं. तिनेच ते हेल्मेट त्याच्या डोक्यावर चढवलं, ठिपका मागे राहील असं, आपल्याच हाताने. पट्टा ओढून खटका लावला. गिऱ्हाइकाचा खटका ती कधीच लावत नाही. "तुमी लोक कडक हा, हे बरं हाय," तो आतून म्हणाला, आवाज घुमला. "असे चार जन कडक असते तं..."

जीरो देख लो, असं ती म्हणाली नाही. तेल भरलं, झाकण लावलं. त्याने पन्नासची नोट दिली, दोन्ही हातांनी, आणि मोपेड सुरू केली. हेल्मेट काढलं नाही. विसरला असावा. डोक्यावर काहीतरी असण्याची सवय नसलेला माणूस, मनात चार वाजताचं... विसरला असावा. की – नाही, विसरलाच. मोपेड उतारावरून रस्त्याकडे निघाली आणि त्याची पाठ तिच्याकडे झाली. खाकी कोट, त्यावर काळं हेल्मेट, आणि हेल्मेटवर ठिपका. उन्हात लख्ख. खाली ओघळ.

'भैया हेल्मेट' घशाशी आलं. चार महिन्यांची वळलेली जीभ. ती आपोआप टाळूला लागली, पाय आपोआप दोन पावलं पुढे गेले. इथूनच धावली होती ती. याच उतारावरून. तिने तोंडावर हात ठेवला, कापूस अजून त्याच हातात होता, त्याचा वास नाकात गेला आणि डोळ्यांना पाणी आलं. मोपेड रस्त्याला लागली, डावीकडे वळली, पुलाकडे. जो डाग शोधायला म्हातारा निघाला होता तो त्याच्याच डोक्यामागे होता, त्याला सोडून सगळ्यांना दिसेल असा – महागूला, तुळसाबाईला, जवानाला.

"दीदी, हेल्मेट देना."

मागे एक मोटरसायकल येऊन उभी होती. तिने खिळ्याकडे पाहिलं. रिकामा खिळा, भिंतीवर हेल्मेट घासून घासून पडलेला काळा गोल.

"नहीं है."

"तो ऐसे ही डाल दो. कौन देख रहा है?"

"हेल्मेट नहीं, तो पेट्रोल नहीं," रचना म्हणाली. चार महिने ती या वाक्याखाली उभी होती, आणि ते तिच्या तोंडून आज पहिल्यांदा निघालं. मोटरसायकलवाला तिच्याकडे पाहत राहिला, मग शिवी हासडून निघून गेला, उघड्या डोक्याने, पुढच्या पंपाकडे. तिथे असाच एक खिळा असणार.

चार मिनिटं. मोपेडला सहा लागतील. सांगितलं का मी कुणाला, की सांगायचं ते म्हाताऱ्याच्या पाठीवर डकवून वाचायचं काम तुळसाबाईवर ढकललं? तुळसाबाई बोट दाखवील. ओरडेल. म्हातारा खटका काढेल – तो घट्ट आहे, लवकर निघायचा नाही – आणि हेल्मेट हातात घेऊन फिरवून पाहील. महागू सुटेल. आणि 'ऐकलं माहं'? ते तिथेच संपेल, पुलावर, त्याच्या मुलाच्या शेजारी. दोन माणसांतल्या एकाचं काहीतरी जाणारच होतं, आणि कुणाचं ते तिने ठरवलं, न बोलता, तोंडावर हात ठेवून. निदान पुलापर्यंत त्याचं डोकं झाकलेलं आहे. या विचाराने तिला रडू आलं, आणि रडण्याचाही राग आला.

सेठची गाडी लांबून येताना दिसली. बाटलीचं झाकण उघडंच राहिलं होतं. तिने ते लावलं नाही. बावीस दिवस तिने एका गोष्टीच्या भीतीत काढले होते, की कुणीतरी येईल आणि तिला विचारेल. आता म्हातारा येणार होता, याच रस्त्याने, हेल्मेट हातात घेऊन. आणि तिच्या लक्षात आलं की ती पुलाच्या दिशेला तोंड करून उभी आहे, आणि ओठ हलताहेत. विचारा, बाबूजी. मले विचारा.